चेंडू अंतराळात जाऊ द्या, पण जाहिरात असेल तर पूर्ण भाडे घेऊन : एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय राष्ट्रीय अंतराळ प्रोत्साहन व प्राधिकरण केंद्र (इन-स्पेस),
बोपळ, अहमदाबाद.

विषय : खेळाचे साहित्य प्रसिद्धीसाठी अंतराळात पाठवण्याच्या प्रस्तावांचे नियम आधीच जाहीर करण्याबाबत.

महोदय,

२०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणानुसार खासगी कंपन्यांच्या अंतराळातील उपक्रमांना परवानगी देण्याचे काम आपल्या केंद्राकडे आलेले आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून परतले, गगनयानाची तयारी चालू आहे, आणि भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये व संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. आपली माणसे वर राहू लागली की बॅट बनवणारी एखादी कंपनी, एखादी लीग किंवा बुटांचा एखादा ब्रँड आपल्या दारी अर्ज घेऊन येणार, यात मला शंका वाटत नाही. मी सोलापुरात मैदानावर मुलांना खेळ शिकवणारा शिक्षक आहे, आणि माझे म्हणणे एवढेच आहे की तो पहिला अर्ज येण्यापूर्वी आपण जाहिरात आणि प्रयोग यांच्या परवानग्या वेगळ्या कराव्यात, जाहिरात असेल तर तिचे पूर्ण भाडे घ्यावे आणि दोन्हींच्या अटी सर्वांना वाचता येतील अशा ठेवाव्यात. अंतराळात चेंडू जाण्याला माझा विरोध नाही. उलट, माझ्या विद्यार्थ्यांना न्यूटनचे नियम फळ्यावर जितके समजत नाहीत तितके तरंगणाऱ्या चेंडूवरून समजतील, असा माझा अनुभवावर आधारलेला विश्वास आहे.

या विषयाचा इतिहास आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरीही त्यातील दोन-तीन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी विनंती आहे. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४ चे ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. काठीचे टोक त्यांनी मोज्यात दडवून नेले होते आणि ते मातीचे नमुने गोळा करण्याच्या दांड्याला बसवले होते. पोशाखाच्या ताठरपणामुळे फटका एका हाताने मारावा लागला, आणि पुढे अर्धशतकानंतर जुन्या छायाचित्रांचा अभ्यास झाला तेव्हा दुसरा चेंडू सुमारे चाळीस यार्डच गेला होता असे दिसून आले. मला यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते : ते चेंडू कोणत्या कंपनीचे होते हे शेपर्ड यांनी नंतरही कधी सांगितले नाही, कारण त्याची जाहिरात व्हावी अशी त्यांची इच्छा नव्हती.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये, रशियाचे मिखाईल ट्युरिन यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाहेर येऊन गोल्फचा चेंडू मारला. हा फटका कॅनडातील एका गोल्फ साहित्य कंपनीने पैसे देऊन ठरवलेला होता. नेहमीचा चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा असतो, हा अवघा तीन ग्रॅमचा केला होता. स्थानकाला धडकला तरी इजा होऊ नये यासाठी ही काळजी होती आणि सुरक्षिततेचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत हा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला होता. फटका तिरका गेला. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते, त्यापुढे एका हलक्या टोल्याने चेंडूला मिळणारा वेग नगण्य असतो, म्हणून चेंडू जवळजवळ त्याच कक्षेत पुढे सरकत राहतो आणि हलका असल्यामुळे विरळ हवेच्या रोधानेही लवकर खाली येतो. नासाचा अंदाज काही दिवसांचाच होता. प्रायोजकांच्या बाजूने मात्र वर्षांची भाषा केली जात होती. ज्याची किंमत मोजलेली असते त्याचे वर्णन मोजणाऱ्याच्या सोयीने होते, आणि ते तपासणारे कोणी तरी सरकारी आसनावर बसलेले असावे लागते. ते आसन आता आपले आहे.

२०१८ च्या विश्वचषकाचा फुटबॉल हे याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणता येईल. अंतोन श्काप्लेरोव्ह आणि ओलेग आर्तेम्येव्ह यांनी तो स्थानकात खेळून दाखवला, श्काप्लेरोव्ह जूनच्या सुरुवातीला तो घेऊन उतरले आणि १४ जून रोजी मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर सलामीच्या सामन्याआधीच्या उद्घाटन सोहळ्यात तो आणला गेला. उत्सव म्हणून हे सुंदर होते, आणि ती जाहिरात आहे हे कोणी लपवलेही नव्हते. पण या चेंडूची जर्मन कंपनी जगभर गाजली, तरी तो पाकिस्तानातील सियालकोटच्या कारखान्यात तयार होत होता, ही गोष्ट त्या गाजावाजात कितीशी ऐकू आली? मी यंत्रमागांच्या शहरात राहतो, म्हणून कदाचित हा प्रश्न मला लवकर सुचतो. आमच्याकडे विणलेली चादर आणि शिवलेला शाळेचा गणवेश देशभर कुठल्या कुठल्या नावाने विकला जातो, हे आम्ही रोज पाहतो.

त्या उलट एक फुटबॉल असाही आहे ज्याच्यामागे कोणताच प्रायोजक नव्हता. १९८६ मध्ये चॅलेंजर यानातून एलिसन ओनिझुका यांनी आपली मुलगी जिथे खेळत होती त्या ह्यूस्टनजवळच्या क्लिअर लेक शाळेच्या संघाचा सह्या केलेला चेंडू नेला होता. उड्डाणानंतर त्र्याहत्तर सेकंदांत यान फुटले, सातही अंतराळवीर गेले, आणि अवशेषांत तो चेंडू सापडला. तो पुन्हा शाळेत ठेवला गेला आणि तीस वर्षांनंतर शेन किंब्रो यांनी तो आंतरराष्ट्रीय स्थानकात नेऊन परत आणला. आपल्या नियमांत शाळांसाठी, जिल्ह्यांसाठी अशा भावनिक वस्तूंना एक छोटी, विनामूल्य जागा राखून ठेवावी, असे मला हे उदाहरण आठवले की वाटते. मात्र त्या जागेत कोणाचेही बोधचिन्ह नसावे.

आता पैशांकडे येतो, कारण इथे आपल्याला नासाच्या अनुभवाचा आयता लाभ मिळू शकतो. जून २०१९ मध्ये नासाने स्थानक जाहिरातीसह व्यापारी कामांसाठी खुले केले तेव्हा सामान वर नेण्याचा दर किलोमागे ३,००० डॉलर आणि अंतराळवीराच्या तासाचा दर १७,५०० डॉलर ठेवला होता. मार्च २०२१ मध्ये तोच दर किलोमागे २०,००० डॉलर वर नेण्यासाठी, ४०,००० डॉलर खाली आणण्यासाठी, आणि तासाला १,३०,००० डॉलर असा करण्यात आला, कारण आधीच्या दरात खरा खर्च भरून निघत नव्हता. दरम्यान एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने २०२० मध्ये आपल्या दहा बाटल्या वर पाठवून त्यांचे चित्रण करून घेतले आणि सुमारे १,२८,००० डॉलर मोजले. तेव्हाही अंतराळवीरांनी जाहिरातीत स्वतः दिसायचे नाही, असा नियम होता. २०२१ च्या दरांनी एक साधे गणित करून पाहावे. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. तो नेण्या-आणण्याचे भाडे ९,६०० डॉलर होते, म्हणजे आठ-नऊ लाख रुपये. पण त्याच्याबरोबर अंतराळवीराने एक तास चित्रीकरण केले, तर एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम केवळ त्या तासाची होते. वजन हा या व्यवहारातला किरकोळ भाग आहे. खरी मौल्यवान वस्तू आहे माणसाचा वेळ. शुक्ला यांच्या मोहिमेत भारताचे सात प्रयोग होते आणि दिवस मोजके होते. अशा मोहिमेत बॅट हातात धरून हसायला किती मिनिटे द्यायची, आणि ती कोणाच्या वेळेतून काढायची, हे ऐनवेळी कोणाच्या दूरध्वनीवर ठरू नये, म्हणून नियम आधी हवा आहे.

प्रयोगाचे नाव देऊन हे भाडे टाळण्याचा प्रयत्न होणार, हेही गृहीत धरावे. म्हणून कोणता प्रयोग खरा आणि कोणता नावापुरता, याची थोडी चर्चा करतो. स्थानकात वजन जाणवत नसले तरी हवा असते, आणि तिचा दाब जवळजवळ समुद्रसपाटीसारखाच असतो. त्यामुळे तिथे फिरकी दिलेला चेंडू खाली न पडता हवेच्या जोराने वळतो, आणि गुरुत्वाकर्षण बाजूला काढून केवळ हवेचा परिणाम पाहता येतो, ही खरोखर उपयोगी गोष्ट आहे. पण क्रिकेटच्या चेंडूचा स्विंग शिवणीलगतच्या हवेच्या थरावर अवलंबून असतो आणि त्याला ताशी शंभर किलोमीटरच्या आगेमागे वेग लागतो. स्थानकातील जपानच्या किबो या दालनाची लांबी अकरा मीटरच्या आसपास आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू ते अंतर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात कापून समोरच्या यंत्रांवर आदळेल. तो अभ्यास जमिनीवर वातबोगद्यातच (ठरावीक वेगाचा वारा सोडून वस्तू तपासण्याच्या बंदिस्त मार्गात) करावा लागतो, आणि तो झालेलाही आहे : नासाच्या एम्स केंद्रातील रबी मेहता यांनी २०१४ च्या विश्वचषकाचा फुटबॉल तिथेच तपासला होता, आणि क्रिकेटच्या चेंडूवरील त्यांचे काम तर त्याहून जुने आहे. तेव्हा 'अंतराळात स्विंगचा अभ्यास' असे शीर्षक असलेला अर्ज आला तर वातबोगद्यात न मिळणारे कोणते उत्तर तुम्हाला हवे आहे, हा एकच प्रश्न विचारावा. याउलट मार्च २०२० मध्ये एका बूट कंपनीने तळव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फोमच्या बारीक गोळ्या स्थानकात पाठवल्या, कारण वेगवेगळ्या गोळ्या साच्यात कशा बसतात यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो आणि तो काढून टाकायला पृथ्वीवर जागा नाही. त्या कंपनीचा हेतू नफ्याचाच होता. तरीही प्रश्न खरा होता.

आणखी एक वाट आपल्याकडेच उपलब्ध आहे. पीएसएलव्ही या प्रक्षेपकाचा चौथा टप्पा काम संपल्यावर टाकून न देता त्यावर उपकरणे चालवण्याची 'पोएम' ही सोय इस्रोने उभी केली. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात तिच्यावर २४ उपकरणे होती आणि त्यातल्या एका डब्यात चवळीला अंकुरही फुटले. निर्वातात, ऊन-सावलीच्या तीव्र बदलात चामडे, विलो लाकूड, रबर किंवा दोरा कसा झिजतो हे मोजण्यासाठी माणसाची गरज नाही, संवेदक पुरेसे आहेत. खेळाच्या साहित्यावरील प्रयोगांना आधी हीच वाट दाखवावी आणि मानवी मोहिमेत त्यांना जागा द्यायची तर माणसाशिवाय का होत नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे.

आता आमच्या जिल्ह्याचा थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथील केंद्र पन्नासहून अधिक वर्षे हायड्रोजन भरलेले प्रचंड फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर पाठवते, आणि त्यांची उपकरणे हवाई छत्रीच्या आधाराने विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठेही उतरू शकतात. दर मोसमात संस्था सूचना काढते : पेटी सापडली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. खेड्यापाड्यांतले लोक ती पाळतात, कारण मागे विज्ञान आहे आणि नाव-पत्ता पेटीवर लिहिलेला असतो. जून २०२३ मध्ये पुरुषांच्या क्रिकेट विश्वचषकाचा करंडक अशाच फुग्याने सुमारे १,२०,००० फुटांवर नेऊन अहमदाबादच्या मैदानावर उतरवल्याची चित्रे आपण सर्वांनी पाहिली. ती उंची साडेछत्तीस किलोमीटर होते. अंतराळाची सर्वसाधारणपणे मानली जाणारी सीमा शंभर किलोमीटरवर आहे. बातम्यांत मात्र 'अंतराळातून आलेला करंडक' असेच छापून आले. असले कार्यक्रम वाढले आणि उद्या एखाद्या कंपनीची कॅमेऱ्यांची चौकट मंगळवेढ्याच्या ज्वारीत येऊन पडली, तर पिकाची भरपाई कोण देणार, हे परवानगीच्या कागदावरच लिहिलेले असावे. फुग्यांच्या उड्डाणांना परवानगी देणारी खाती वेगळी आहेत याची मला कल्पना आहे. पण 'अंतराळ' हा शब्द जाहिरातीत कोणत्या उंचीपासून वापरता येईल, एवढे तरी आपण त्या खात्यांना कळवू शकता.

कसोटी क्रिकेटपटू पॉली उम्रीगर यांचा जन्म ज्या शहरात झाला त्या शहरातून हे पत्र येत असल्यामुळे क्रिकेटविषयी चार शब्द अधिक झाले तर क्षमा असावी. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे हिने अर्धशतक केले तेव्हा तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे चिन्ह नव्हते, कारण तिला बॅटसाठी प्रायोजकच मिळालेला नव्हता. तिने त्या मोकळ्या जागी महेंद्रसिंह धोनीच्या नावाची आद्याक्षरे आणि ७ हा त्याचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्याच्या आदल्याच वर्षी नागालँडकडून खेळताना तिने टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या होत्या. बॅटचे चिन्ह चारशे किलोमीटर उंच नेण्यासाठी ज्यांच्याकडे कोटी रुपये असतील, त्यांच्याकडून जाहिरातीच्या भाड्याबरोबर तेवढ्याच रकमेचे साहित्य जिल्ह्यांच्या क्रीडा प्रशिक्षण केंद्रांना देण्याची अट घालता येईल का, हे आपण तपासावे. आपले केंद्र क्रीडा विकासासाठी नाही, आणि ही मागणी कायद्यात कितपत बसेल याबद्दल मी स्वतः साशंक आहे. बसत नसेल तर ती सोडून द्यावी, बाकीच्या मागण्या तिच्यावर अवलंबून नाहीत.

एक स्वार्थाची गोष्ट राहिली, ती लपवत नाही. आमच्या शहराच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि टॉवेल हे व्यायामशाळेतले सर्वांत दुर्लक्षित साहित्य आहे. स्थानकातील अंतराळवीर हाडे आणि स्नायू टिकवण्यासाठी रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. तिथे घाम ओघळत नाही, तो कातडीवर चिकटून थर धरतो आणि टॉवेलने टिपावा लागतो. मग तो टॉवेल टांगून ठेवतात, त्यातली वाफ हवेतून यंत्रात जाते आणि तिचे पुन्हा पिण्याचे पाणी होते. नासाने २०२३ मध्ये अशा रीतीने ९८ टक्के पाणी परत मिळवता आल्याचे जाहीर केले. याच टॉवेलमधून सुटणारा बारीक तंतू मात्र खाली बसत नाही, तो तरंगत जाऊन गाळण्यांवर साचतो. म्हणजे कोणत्या सुताचा, किती उंच फासाचा आणि किती घट्ट विणीचा टॉवेल कमी तंतू सोडून जास्त घाम टिपतो आणि लवकर वाळतो, हा आपल्या अंतराळवीरांच्या रोजच्या गरजेचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी जे माग व जे हात हवेत ते सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. आमच्या कोणा उत्पादकाने हे प्रश्न, मोजण्याची पद्धत आणि जमिनीवर घेतलेल्या चाचण्या जोडून अर्ज केला, तर तो प्रयोग म्हणून पाहावा. आणि त्याच उत्पादकाने फक्त कोपऱ्यात विणलेले नाव व अंतराळवीराच्या खांद्यावरचा फोटो मागितला, तर त्याच्याकडून इतरांइतकेच पूर्ण भाडे घ्यावे. आमच्या गावचा आहे म्हणून सवलत मागणारे पत्र मी लिहिणार नाही.

या सर्वांतून काही व्यवहारी मागण्या निघतात. प्रत्येक अर्जावर तो जाहिरातीचा की प्रयोगाचा हे अर्जदाराने सुरुवातीलाच लिहून द्यावे, आणि दोन्ही असेल तर जाहिरातीच्या भागाचे भाडे वेगळे लावावे. प्रयोगाच्या नावाखाली कमी दराने गेलेल्या वस्तूची मोजमापे ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुली व्हावीत. ती झाली नाहीत तर उरलेले भाडे वसूल करण्याचा अधिकार करारात असावा. मोहिमेतील किती टक्के वेळ व वजन अशा कामांना देता येईल याची कमाल मर्यादा ठरवावी. नासाने सुरुवातीला व्यापारी कामांना पाच टक्क्यांचीच मर्यादा घातली होती. सरकारी सेवेतील अंतराळवीराने कोणत्याही वस्तूची शिफारस करू नये. वस्तू प्रत्यक्षात जिथे तयार झाली त्या गावाचे व कारखान्याचे नाव प्रसिद्धीच्या मजकुरात असावे. आणि परत आलेली वस्तू लिलावात काढायची असेल तर ते आधी सांगितलेले असावे, अन्यथा ती एखाद्या सार्वजनिक विज्ञान केंद्रात ठेवली जावी. आमच्याकडे केगावला असे केंद्र आहे आणि तिथे शाळांच्या सहली येत असतात.

अशा नियमांचा मसुदा आपण तयार केल्यास तो इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही प्रसिद्ध करावा आणि हरकती-सूचनांसाठी किमान साठ दिवसांची मुदत ठेवावी, म्हणजे येथील उत्पादकांना, क्रीडा संघटनांना आणि शिक्षकांना तो वाचून आपले म्हणणे लेखी कळवता येईल.

आपला विश्वासू,
सोलापुरातील एक क्रीडाशिक्षक